काळाच्या पुढे म्हणजे कुणाच्या पुढे?

गेल्या दिवाळीत फर्दापूरला घरी होतो. बाबांना तेवढीच मदत म्हणून सकाळी टी-पॉइंटवर दुकानात बसलो. अजिंठ्याची लेणी बघायला जे येऊन गेलेत त्यांना टी-पॉइंट आठवत असेल. आपली गाडी इथे लावायची, पुढचे ४ किलोमीटर बसने जायचं, आणि बसपर्यंतच्या वाटेवर आमच्यासारख्यांची दुकानं. बाबा दगड विकतात. स्फटिक, जांभळा ॲमेथिस्ट, बाहेरून बटाट्यासारखे दिसणारे आणि फोडले की आतून चमचमणारे गोटे.

गिऱ्हाईक नव्हतं. शेजारच्या दुकानातला बारावीतला पोरगा मोबाइलवर रील बघत होता. बघता बघता तो स्वतःच त्या खर्जातल्या आवाजात सुरू झाला. पूर्ण नाव, बापाचं नाव, आईचं नाव, गावाचं नाव, वय. विजय दीनानाथ चौहान, गाव मांडवा. ‘अग्निपथ’. ऋतिकचा नव्हे, अमिताभचा. हा पोरगा जन्मला तेव्हा त्या पिक्चरला सतराएक वर्षं होऊन गेली होती, पण त्याचा एक शब्द इकडचा तिकडे होत नव्हता.

बाबा दगडांवरची धूळ झटकत म्हणाले, “पडला होता हा पिक्चर. आम्ही इंटरव्हलला उठून आलो होतो.”

पोरगा हसायलाच लागला. “काका, काहीही! क्लासिक आहे तो.”

“अरे बाबा, आम्ही चौघं जण एसटीने जळगावला गेलो होतो खास त्याच्यासाठी. माणूस बोलतोय का गुळण्या करतोय, कळेना. सगळं थेटर ओरडत होतं, आवाज वाढव म्हणून.”

मी विचारलं, “मग आता टीव्हीवर लागला की उठत नाही तुम्ही, ते?”

“आता ऐकू येतं ना.”

“म्हणजे तेव्हा तुमचं चुकलं म्हणायचं.”

बाबांनी जरा विचार केला. “पैसे देऊन गेलो होतो. नाही आवडला, उठून आलो. त्यात काय चुकलं? फक्त जाता जाता त्या ऑपरेटरला शिव्या घातल्या, तेवढं चुकलं. मशीन चांगली होती त्याची.”

गिऱ्हाईक आलं आणि विषय संपला. माझ्या डोक्यातून मात्र तो गेला नाही. त्याचं कारण पिक्चरच्या बाहेरचं आहे. तिथे येण्याआधी पिक्चरबद्दल थोडं सांगतो.

‘अग्निपथ’ १६ फेब्रुवारी १९९० ला आला. निर्माते यश जोहर, दिग्दर्शक मुकुल आनंद. नाव हरिवंशराय बच्चन यांच्या कवितेवरून घेतलेलं. अमिताभ बच्चन यांनी भूमिकेसाठी आपला आवाज बदलला होता. ‘गॉडफादर’मधल्या मार्लन ब्रँडोच्या वळणाचा, घशात अडकलेला, खरखरीत. वीस वर्षं ज्या आवाजावर लोक तिकिटं काढत होते, तो आवाजच पडद्यावर नव्हता. बाबांच्या थेटरात झालं तेच ठिकठिकाणी झालं: लोकांना वाटलं, साउंडमध्ये बिघाड आहे. पुढे त्यांच्या नेहमीच्या आवाजात पुन्हा डबिंग करावं लागलं. त्यात वाराही फिरलेला होता. डिसेंबर १९८९ च्या शेवटी ‘मैंने प्यार किया’ आला होता आणि तरुण पोरं कबुतरांच्या मागे लागली होती. घुसमटलेल्या आवाजात बापाच्या मरणाचा हिशेब मागणारा चाळिशीकडे झुकलेला गुंड कुणाला हवा होता?

गंमत म्हणजे याच भूमिकेने अमिताभना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पहिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कृष्णन अय्यर झालेल्या मिथुनला आणि आई झालेल्या रोहिणी हट्टंगडींना फिल्मफेअर मिळालं. पुरस्कार आले, पैसा आला नाही. यश जोहर या अपयशाने फार खचले होते, हे त्यांचा मुलगा करण जोहरने अनेकदा सांगितलं आहे.

मग केबल आली, चॅनेलं आली, आणि चॅनेलांना दिवसभर दाखवायला पिक्चर लागायचे. ‘अग्निपथ’ घरात शिरला. घरात आवाज वाढवायचं बटण आपल्या हातात असतं. मिमिक्रीवाल्यांनी तो उचलला, कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये तो आला, मग मीम आले, रील आल्या. आज त्याला ‘कल्ट’ म्हणतात. आणि असा कुठलाही पिक्चर असला की त्याच्याबद्दल एक वाक्य ठरलेलं असतं: काळाच्या पुढे होता.

याच वाक्यावर मी अडकलो आहे. कारण हेच वाक्य दिवाळीच्या दोन महिने आधी मी ऑफिसमध्ये ऐकलं होतं, आणि ऐकून गप्प बसलो होतो.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आम्ही एक ॲप बनवतो. दुकानांना माल पोचवणारी पोरं ते वापरतात: ऑर्डर घ्यायची, माल दिला की टिक करायची, पैसे आले की नोंद करायची. टीममध्ये एक सीनियर होता, विदर्भातला. सगळे त्याला दादा म्हणायचे, मीही इथे तेच म्हणतो. दादाने चार महिने खपून ऑफलाइन मोड लिहिला होता. नेटवर्क नसलं तरी ॲप चालणार, नोंदी फोनमध्येच साठणार आणि रेंज आली की आपोआप सर्व्हरवर जाणार. ऐकायला सोपं वाटतं. पण एकच ऑर्डर दोघांनी दोन फोनवर बदलली आणि दोघांनाही रेंज नसली, तर खरं कुणाचं धरायचं? असल्या शंभर भानगडी त्याने एकेक करून सोडवल्या होत्या.

पायलट झाला तो पुण्या-मुंबईत. तिथे रेंज जाते कुठे? शंभरातले दोघं-तिघंही तो मोड वापरत नव्हते. ॲप जड झालं होतं. अप्रेझलचे दिवस आले आणि दादाबद्दल अभिप्राय लिहायला मला सांगितलं. मी तीन ओळी लिहिल्या. शेवटच्या ओळीचा अर्थ असा होता की काम हुशारीचं आहे, पण गरजेपेक्षा फार मोठं आहे आणि वापरणाऱ्याची गरज ओळखून केलेलं नाही.

आता कबुली. ते लिहिण्याआधी मी दादाचा ऑफलाइन मोड माझ्या फोनवर एकदाही चालवून पाहिला नव्हता. डॅशबोर्डवरचा आलेख पाहिला होता, त्याच्या डॉक्युमेंटची पहिली दोन पानं वाचली होती. आणि मी कुठला? फर्दापूरचा. अजिंठा गावाकडून घाट उतरताना फोनची रेंज कुठल्या वळणावर जाते आणि कुठल्या वळणावर येते, हे मला डोळे मिटून सांगता येतं. ऑफलाइन मोडची गरज ज्याला लगेच कळावी असा त्या मजल्यावर एकच माणूस असेल, तर तो मी होतो.

दादाला काढलं. एकट्या माझ्या तीन ओळींमुळे नव्हे, पण त्या तीन ओळी त्याच्या फायलीत होत्या. दीड वर्षाने कंपनी तालुक्याच्या गावांत शिरली, तिथे ॲप पावलोपावली अडकायला लागलं, आणि कुणाला तरी जुनी ब्रँच आठवली. नशीब, ती कुणी डिलीट केली नव्हती. आम्ही ती बाहेर काढली, झाडूनपुसून सुरू केली. दुकानदार खूश, पोरं खूश. सगळ्या कंपनीच्या मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, “हे फीचर काळाच्या पुढे होतं.” टाळ्या वाजल्या. ब्रँच बाहेर काढणाऱ्यांची नावं घेतली, त्यात माझंही होतं. दादाचं नाव निघालं नाही. मी ते काढलं नाही.

आमच्या धंद्यात ‘गिट ब्लेम’ नावाची एक कमांड आहे. कुठल्याही फाइलवर चालवली की कुठली ओळ कुणी, कोणत्या तारखेला लिहिली, ते ती सांगते. त्या रात्री मी ती चालवली. स्क्रीनभर खालपासून वरपर्यंत दादाचं नाव.

तर, काळाच्या पुढे. या वाक्यात कुणाचीच चूक नसते, हीच त्याची सोय आहे. ज्याने बनवलं तो पुढे होता, आम्ही जिथे असायला हवं तिथेच होतो, आणि मधलं अंतर काळाने भरून काढलं. वाक्य ऐकायला कौतुकासारखं आहे. पण दादाच्या बाबतीत काळ कुठे आड आला? फर्दापूरच्या घाटात रेंज आज जात नाही, तेव्हाही जात नव्हतीच का? जात होती. तालुक्यांची गावं तेव्हाही नकाशावर होती. दादा काळाच्या पुढे नव्हता, तो आपल्या वेळेवरच होता. बघायचं काम ज्यांचं होतं ते आळशी होते, आणि त्यातला एक मी.

इथे बाबांचं म्हणणं माझ्या कामाला आलं. मी आधी त्यांना आणि मला एकाच रांगेत धरत होतो. त्यांनी ‘अग्निपथ’ नाकारला, मी दादाचं काम नाकारलं, आणि दोघांनाही नंतर उमगलं. पण बाबा त्यांच्या बाजूने बरोबर आहेत. प्रेक्षक कुणाचं देणं लागत नाही. त्याने दिवसाची मजुरी मोडून तिकीट काढलं, आवाज कळला नाही, तो उठून गेला. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. शिवाय उठून जाण्याआधी त्याने निम्मा पिक्चर पाहिला होता. मी तेवढाही पाहिला नव्हता. आणि बघण्यासाठी मला तिकीट काढावं लागत नव्हतं, उलट पगार मिळत होता. आवड चुकली तर तो गुन्हा नाही. पण ज्याच्या मतावर दुसऱ्याची भाकरी ठरते, त्याने न बघता मत देणं ही वेगळी गोष्ट आहे. बाबांनी तर आपली खरी चूकही नेमकी शोधून काढली होती: पिक्चर न आवडणं नव्हे, ऑपरेटरला शिव्या देणं. आपल्याला जे कळलं नाही त्याचा दोष त्यांनी समोर सापडलेल्या माणसावर टाकला होता. मीही तेच केलं होतं. ‘वापरणाऱ्याची गरज ओळखलेली नाही’ असं मी लिहिलं. गरज मीच ओळखली नव्हती.

हे डोक्यात घोळत असताना ‘अग्निपथ’ पुन्हा पाहिला, या वेळी सुरुवातीपासून. रीलमध्ये जे येत नाही ते सगळं सुरुवातीला आहे. मांडवा हे खरं गाव आहे, अलिबाग तालुक्यातलं. गेटवेवरून लाँच पकडली की तासाभरात माणूस तिथे पोचतो. पिक्चरमधल्या मांडव्यात दीनानाथ नावाचे मास्तर असतात. (आपल्याकडे ते चव्हाण झाले असते, हिंदीत चौहान झालेत.) गाव तस्करीसाठी हवं असलेला कांचा चिना आणि गावातला जमीनदार मिळून मास्तरांवर बदफैलीचा खोटा आळ घेतात. पण मास्तरांना मारतं कोण? गाव मारतं. ज्यांच्या पोरांना त्यांनी शिकवलं तीच माणसं. कुणी थांबून विचारत नाही, कुणी खातरजमा करत नाही.

हे लक्षात घेऊन तो प्रसिद्ध संवाद पुन्हा ऐका. हा माणूस भेटेल त्याला आपलं पूर्ण नाव का सांगतो? मला आधी तो रुबाब वाटायचा. आता वाटतं, तो बापाचं नाव पुन्हा पुन्हा नोंदीत घालतोय. गावाने जे नाव चिखलात टाकलं, ते तो गावाच्या नावासकट उच्चारतो. आणि एवढं करूनही काय होतं? तो गाव परत मिळवतो, शेवटी आईच्या मांडीवर डोकं ठेवून मरतो. मास्तर निर्दोष ठरतात, पण मास्तर परत येत नाहीत. घाईने दिलेला निकाल नंतर बदलला तर कुणाला काय मिळतं, हाच प्रश्न त्या पिक्चरच्या पोटात होता. आणि पुढे तोच प्रश्न पिक्चरच्याच वाट्याला आला.

मुकुल आनंद १९९७ च्या सप्टेंबरमध्ये गेले, वयाच्या पंचेचाळिशीत. यश जोहर २००४ मध्ये गेले. करण जोहरने २६ जानेवारी २०१२ ला नवा ‘अग्निपथ’ आणला, वडिलांसाठी म्हणून. तो चालला. मुलाने बापाचं राहिलेलं पुरं केलं, हे वाचून माझा घसा दाटतो, खोटं कशाला बोलू. पण नीट बघितलं तर नव्या पिक्चरमधून कृष्णन अय्यर गायब आहे, रौफ लाला नावाचा नवाच खलनायक आहे, आवाजाचा तो प्रयोग तर नाहीच. चालला तो दुसरा पिक्चर. १९९० साली खचलेल्या माणसापर्यंत त्याच्या टाळ्या पोचू शकत नव्हत्या.

“पण काळ न्याय करतोच” असं म्हणणाऱ्यांना मी आमच्या गावाला बोलावतो. आमचं पोटच मुळी उशिरा आलेल्या कौतुकावर भरतं. अजिंठ्याचं काम पाचव्या शतकाच्या अखेरीला थांबलं. २४ नंबरच्या लेण्यात जाऊन बघा. केवढा मोठा विहार बेतलेला होता, आणि अर्ध्यावर सोडून दिलाय. २८ एप्रिल १८१९ ला जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीला आला, त्याला लेणी दिसली, आणि त्याने १० नंबरच्या लेण्यातल्या खांबावर आपलं नाव कोरून ठेवलं. ज्यांनी ती लेणी रंगवली त्या चितारींपैकी बहुतेकांची नावं आपल्याकडे नाहीत. पण ज्याने फक्त बघितली त्याचं नाव तारखेसकट आहे. मीटिंगमध्ये ब्रँच बाहेर काढणाऱ्यांची नावं घेतली गेली तेव्हा मला तो खांब आठवायला हवा होता.

आणि टिकलं ते न्यायाने टिकलं का? रॉबर्ट गिल १८४४ मध्ये नेमणूक होऊन इथे आला आणि पुढची अनेक वर्षं या चित्रांच्या मोठाल्या नकला करत बसला. त्या लंडनला गेल्या, क्रिस्टल पॅलेसमध्ये लागल्या, आणि डिसेंबर १८६६ च्या आगीत जवळजवळ सगळ्या जळाल्या. मग जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही बऱ्याच १८८५ मध्ये लंडनच्याच एका आगीत गेल्या. गिलची कबर आमच्या जवळच, भुसावळला आहे. त्याच्या जळालेल्या कॅनव्हासना कुठला कल्ट मिळणार? कल्ट मिळायला आधी वस्तू शिल्लक असावी लागते. ‘अग्निपथ’ शिल्लक राहिला, कारण चॅनेलांना वेळ भरायचा होता. दादाचं काम शिल्लक राहिलं, कारण ब्रँच डिलीट करायचा कुणालातरी कंटाळा आला. जे पडलं आणि जळलं, पडलं आणि पुसलं गेलं, ते आपल्याला दिसतच नाही. म्हणून आपल्याला वाटतं, चांगलं असेल ते कधी ना कधी वर येतंच.

तुम्ही म्हणाल, उशिरा का होईना, आलं ना? आलं, आणि मला त्याचा आनंदच आहे. शेजारच्या पोराला ‘अग्निपथ’ मिळाला, घाटातल्या डिलिव्हरीवाल्याला चालणारं ॲप मिळालं. पण तो त्यांचा फायदा आहे. त्याने माझं देणं फिटत नाही. देणं एका माणसाचं आहे, आणि तो माणूस जिवंत आहे, त्याचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. यश जोहरांच्या मुलाला जी सोय नव्हती, ती मला आहे.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी फोन केला. दादा आता नागपुरात दुसरीकडे आहे. इकडचं तिकडचं झालं. मग मी सांगितलं की अभिप्रायात ती ओळ मी लिहिली होती.

“माहीत आहे,” तो म्हणाला. “भाषेवरून कळलं होतं.”

“दादा, मी ते चालवून बघितलं नव्हतं.”

यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. मला वाटलं, रेंज गेली. मग म्हणाला, “हे नव्हतं माहीत. मला वाटलं होतं, तू बघितलंस आणि तुला नाही पटलं. त्याचं मला काही वाटलं नव्हतं.”

म्हणजे दोन वर्षं तो माझ्याबद्दल, मी होतो त्यापेक्षा चांगलं समजत होता. ते मी त्या फोनने काढून घेतलं. त्याला बरं वाटलं असेल असं मला वाटत नाही. मलाही वाटलं नाही.

पुण्याला परतल्यावर साहेबांना मेल लिहिली: ऑफलाइन मोड कुणी लिहिला, किती महिने लिहिला, आणि तेव्हा माझा अभिप्राय कशाच्या आधारावर होता. दादाला कॉपीत ठेवलं. साहेबांचं दोन शब्दांचं उत्तर आलं: ‘नोंद घेतली.’ दादाचं उत्तर आलेलं नाही. येईलच असंही नाही, आणि त्याने ते द्यावं अशी मागणी करायचा मला हक्क नाही.

या महिन्यात पुन्हा अप्रेझल आहेत. टीममध्ये नव्या आलेल्या एका मुलीने एक विचित्र फीचर लिहिलंय. मला ते अजिबात आवडलेलं नाही. कदाचित तसंच लिहीन. शनिवारी घरी चाललोय, तेव्हा ते फोनवर टाकून घेतलंय. घाटात चालवून बघतो आधी.